आई अंगणातून ओरडली तेव्हा

माझं आजवरचं सगळं काम कार्बनच्या नळ्यांवर. केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढ्या बारीक नळ्या. त्यांच्या अँटेना करायच्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या यंत्रांना तारेशिवाय एकमेकांशी बोलतं करायचं. ती यंत्रं अजून धड बोलत नाहीत, रुसून बसतात. पण हे काम माझ्या वाट्याला आलं ते काष्टी गावातल्या आमच्या अंगणात.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. नगरला माझं एम.एस्सी. झालं आणि पुण्यात संशोधनासाठी जागा मिळाली. या नळ्या तेव्हा नव्या होत्या आणि त्यांची अँटेना होईल का, या एकाच प्रश्नानं मला पछाडलं होतं. घरात प्रश्न वेगळाच, पोरीला पाठवायचं की उजवायचं? निकाल माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, आबांच्या हातात. वडील त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. आई तर ते आले की पदर सावरून आत जायची. थोरल्या दिरासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

एका रविवारी आबा आले. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. माझा विषय ऐकून ते हसायलाच लागले. "एवढ्याश्या अँटेनानं काय व्हनार? हितं मोठीनं बी दिसंना!"

आमची अँटेना म्हणजे भांड्यांचं दुकान होतं. आबांनीच तिला दोन स्टीलच्या ताटल्या आणि एक पाइप बांधायला लावला होता. जितकं जास्त बांधाल तितकं चित्र झकास, असा अख्ख्या गावाचा समज! माझं डोकंच फिरलं. "आबा, मोठी-लहान नसतं, लहरीच्या मापाची लागते," म्हणत मी शिडी लावली.

एरवी टीव्हीपासून छपरापर्यंत निरोप पोचवायला वडील अंगणात उभे असत. त्या दिवशी ते साखर कारखान्यात पाळीवर होते. मी ताटल्या सोडल्या, पाइप सोडला, अँटेना फिरवत "आलं का? आलं का?" करून घसा फोडला. आबा आतून काहीतरी ओरडत होते, ते वर पोचेना. आणि अंगणातून आईचा आवाज आला, "गेलं! अगं डावीकडं! आलं, आलं! आता हात लावू नगं!" बाई गं, काय तो खणखणीत आवाज! मी वरून बघतच राहिले.

खाली आले तर चित्र लख्ख. आबा टीव्हीजवळ सरकून बसले. मग म्हणाले, "ते ठीक हाय. पर तुजी ती बारीक अँटेना दिसतच न्हाई म्हन्तीस, मग ती फिरवायची कुनी?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून आई बोलली. पदर डोक्यावर होता, पण आवाज अजून अंगणातलाच.

"ती फिरवंल. जाऊ द्या तिला पुन्याला."

आबांनी आईकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. "जाऊ दे," ते म्हणाले. "पर जायच्या आदी आमच्या घरच्या ताटल्या बी सोडून दे."

बऱ्याच वर्षांनी प्रयोगशाळेत माझ्या एका नळीनं पहिल्यांदा लहर पकडली. मी सगळ्यांच्या आधी घरी फोन लावला. नळी, लहर, काही सांगायच्या आत पलीकडून आईनं विचारलं, "आलं का गं?"

"आलं, आई," म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं.