तीन टनी वऱ्हाड

माले गावात माझी अर्धा एकर जागा आहे. तिच्यात आंब्याची अकरा रोपं, दोन खोल्यांचं घर आणि भरपूर दगड आहेत. एवढ्या साम्राज्याची मालवाहतूक सांभाळायची म्हणून मी लष्करातून निवृत्त झालेला तीन टनी ट्रक विकत घेतला. कोणाही समजूतदार माणसाने हेच केलं असतं. हिंजवडीतली नोकरी वेळेआधी सोडलेल्या माणसापुढे दोनच वाटा असतात, ध्यानधारणा किंवा सेंद्रिय गूळ. मी तिसरी शोधून काढली याचा मला त्या वेळी भलताच अभिमान होता.

ज्या भंगारवाल्याकडून तो घेतला, तो भला माणूस होता. "साहेब, हा कापायला आणलाय," तो म्हणाला. "तुम्हाला यातलं नेमकं काय पाहिजे? इंजिन? चाकं?"

"अख्खा पाहिजे."

"चालवणार?"

"हो."

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेच चहा मागवला. गिऱ्हाईक शुद्धीवर यायच्या आत व्यवहार उरकायचा असतो, हे त्याला अनुभवाने माहीत असणार.

तेव्हा आम्ही मारुंजीत राहत होतो. आमच्या सोसायटीच्या कमानीवर शुभेच्छा लिहिलेली एक पाटी होती. ट्रकच्या टपाने ती पाटी अलगद काढून घेतली आणि आत आणली. सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी जेवढी चर्चा झाली तेवढी पाणी चार दिवस आलं नव्हतं तेव्हाही झाली नव्हती. वॉचमनने मात्र मला पहिल्यांदाच कडक सलाम ठोकला. बायको गॅलरीतून बघत होती. मी वर गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "भाजीची पिशवी मावेल ना त्यात?"

दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याच्याच ड्रायव्हरने ट्रक मालेला नेऊन सोडला आणि वर्षभरात आम्हीही त्याच्यामागे गेलो. तो रस्त्यावर आणायचा तर आधी रंग बदलणं भाग होतं, कारण लष्करी हिरवा रंग आपल्यासारख्यांना लावता येत नाही. पौडच्या पेंटरकडे शाळेच्या खिडक्यांचा निळा रंग उरला होता. "साहेब, फुल गाडीला बसतोय," तो म्हणाला आणि डोंगराएवढा ट्रक दोन दिवसांत शाळेच्या खिडकीसारखा दिसू लागला.

आता राहिलं होतं फक्त चालवणं. या ट्रकचा गिअर बदलायचा म्हणजे क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनाचा वेग बरोबर जुळवायचा आणि मग दांडा ढकलायचा. चुकलं की आतून लोखंड दळल्यासारखा आवाज यायचा. मी रोज सकाळी तासभर लोखंड दळत असे. चौथ्या की पाचव्या दिवशी बांधावरून एक उंच, ताठ माणूस चालत आला. पांढऱ्या मिशा, पायात चपला, हातात विळा.

"काय साहेब, गिअरचं दात मोजताय व्हय?"

हे आमचे हवालदार. गावातल्या बौद्ध वस्तीत त्यांचं घर. सैन्यात त्यांनी बावीस वर्षं असेच ट्रक हाकले होते, तेही अशा डोंगरांत, जिथे चुकलं तर आवाज ऐकायलाही कोणी नसतं. निवृत्तीनंतर ते भाताची शेती करत होते. ट्रकभोवती त्यांनी एक फेरी मारली, चाकावर पाय ठेवला, बॉनेटखाली डोकावले, मग लांब जाऊन पाहिलं.

"कसा वाटतो?" मी फुशारकीने विचारलं.

"रंग तेवढा झ्याक काढलाय," ते म्हणाले. "बाकी सगळं शिकाया लागंल. ट्रकला न्हाई, तुमाला."

त्या दिवसापासून माझं प्रशिक्षण सुरू झालं. ते डावीकडे बसायचे आणि मी चुकलो की काहीही न बोलता खिडकीबाहेर बघायचे. नोकरीत मला पुष्कळ साहेबांनी झापलं होतं, पण असं कोणी छळलं नव्हतं. सहा महिन्यांनी सपाट रस्त्यावर मी बऱ्यापैकी ट्रक चालवू लागलो. दुर्दैवाने मुळशीत सपाट रस्ता फारसा नाही.

मे महिन्यात हवालदारांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. हुशार आणि बापासारखीच कमी बोलणारी. नवरामुलगा मारुंजीचा. दोन्हीकडच्यांना सारखंच गैरसोयीचं पडावं या उदात्त हेतूने कार्यालय मधल्या रिहे गावातलं घेतलं होतं. मी उत्साहाने म्हणालो, "हवालदार, वऱ्हाडाला आपला ट्रक नेऊ या."

"न्हाई."

"अहो, ताडपत्री लावू, फुलांच्या माळा सोडू..."

"साहेब, लेकीचं लगीन हाय. पलटण न्यायची न्हाई कुटं. बस सांगितलीया म्या."

विषय संपला. लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही नवरा-बायको इस्त्रीचे कपडे घालून वस्तीत गेलो. नवरी आणि तिची आई भावकीतल्या एकाच्या गाडीने पुढे गेल्या होत्या. उरलेलं वऱ्हाड, म्हणजे चाळीसेक बायका, थोडे पुरुष आणि पातेल्यांचा ढीग, समाजमंदिरापुढे बसची वाट बघत होतं. बस पिरंगुटला बंद पडली होती. बसवाला दर दहा मिनिटांनी फोनवर सांगत होता, "निघालोच." बंद पडलेल्या बसमधून तो नेमका कसा निघाला होता, हे काही कळत नव्हतं. अकराला लग्न लागायचं होतं आणि भंतेजींना दुपारी दुसरीकडेही लग्न लावायचं होतं.

हवालदार नव्या कोऱ्या कोटात माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काढा," ते बुटांकडे बघत म्हणाले.

माझ्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण होता. बायकोने माझा चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाली, "निदान हसू तरी नका. त्यांच्या घरचं कार्य आहे."

ट्रक आणला. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत असा नियम आहे, आणि तो मोडायला त्या दिवशी सगळा गाव एकदिलाने तयार होता. मागचा फाळका खाली सोडला, त्याला खुर्ची लावली आणि पैठण्या, नऊवाऱ्या, पातेली, सगळं वर चढलं. हवालदारांची सत्तरीची आत्या कोणाचाही हात न धरता चढली आणि वरूनच ओरडली, "आरं, ह्याला बसायला काय हाय का न्हाई?"

"आत्या, धरायला हाय," हवालदार म्हणाले.

मी चालकाच्या बाजूचं दार त्यांच्यासाठी उघडून धरलं. त्यांनी मान हलवली. "तुमी चालवा."

"मी?"

"नवरीचा बाप डायवर होऊन आला आसं नगं. व्याही बघत्याल." आणि ते फिरून डावीकडे जाऊन बसले.

एवढं बोलून त्यांनी चाळीस बायकांचे जीव माझ्या हवाली केले. पौडपर्यंत सगळं सुरळीत झालं. मागे गाणी सुरू झाली होती, लोक रस्त्याच्या कडेला थांबून हात करत होते आणि मीही राजासारखा हात करत होतो. हवालदार म्हणाले, "हात चाकावर." घोटवड्याच्या पुढे एक चढ आहे. मोटारीत बसलं तर तो चढ आहे हे लक्षातही येत नाही. मला तो हिमालयासारखा दिसला. मी तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो, तो पडला नाही, पुन्हा ढकलला, लोखंड दळलं आणि इंजिन बंद पडलं. गाणी थांबली. आणि ट्रक, अगदी सावकाश, मागे निघाला.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. तो हातभर मागे सरकून थांबला.

"दाबून धरा," हवालदार शांतपणे म्हणाले. स्टिअरिंगला त्यांनी बोटही लावलं नाही. "घाबरू नगा. मागल्या बाया घाबरल्या की मंग आपण घाबरू."

मागच्या बाया घाबरल्या नव्हत्या. आत्या फाळक्यावरून खाली आली, दोन मोठाले दगड आणून चाकामागे लावले आणि माझ्या खिडकीखाली येऊन उभी राहिली. "साहेब, तुमच्यानं हुतंय का आमी ढकलू?"

"होतंय, होतंय."

"मंग आमी उतरतो. तुमी रिकामा न्या."

आणि तसंच झालं. बायका पदर खोचून, पुरुष पातेली डोक्यावर घेऊन भर उन्हात चढ चढले. मालवाहतुकीसाठी बांधलेला माझा ट्रक रिकामा वर पोचला आणि माल त्याच्यामागून चालत आला. माथ्यावर सगळे पुन्हा बसले. माझ्या बायकोने चढता चढता केबिनपाशी थांबून मला पाण्याची बाटली दिली.

आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो. भंतेजी घड्याळ बघत होते. नवऱ्यामुलाच्या काकांनी ट्रककडे पाहून विचारलं, "बंदोबस्त पण आणलाय का?" हवालदार कोट झटकून आत गेले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली मुलगी वंदनेला बसली होती. बाप दिसल्यावर तिच्या खांद्यांतला ताठरपणा गेला, हे मला मागच्या रांगेतूनही दिसलं. लग्न छान लागलं. जेवणं झाली. मी कोपरा धरून तीन वेळा वाढून घेतलं, कारण आत्या भेटेल त्याला चढाची गोष्ट सांगत होती आणि प्रत्येक वेळी ट्रक थोडा जास्त मागे जात होता.

मग निरोपाची वेळ आली. मुलगी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आई रडली, माझी बायकोसुद्धा रडली. हवालदार ताठ उभे. फुलांनी सजवलेली गाडी हलली, कार्यालयाच्या फाटकातून वळली आणि पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेल्या चरात तिची पुढची दोन्ही चाकं गेली. गाडी नाक घासून बसली. दहा जणांनी उचलून पाहिलं, नवऱ्यामुलाने फेटा काढून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. "क्रेन बोलवा," व्याही म्हणाले. क्रेन कुठून यायची, हे कोणी सांगेना.

हवालदारांनी कोट काढून माझ्या हातात दिला. काही न विचारता ते ट्रकमध्ये चढले. तो अवजड ट्रक त्यांनी एका दमात वळवून, गर्दी चुकवत, उलटा असा काही आणला की मला माझ्या सहा महिन्यांची लाज वाटली. साखळीचं एक टोक ट्रकच्या मागच्या हुकात आणि दुसरं गाडीच्या पुढच्या बाजूला अडकवलं गेलं. मुलीने खिडकीची काच खाली केली.

"पप्पा, राहू द्या ना. लोक बघतायत."

"बगू दे. बस आत."

"मी उतरते तरी."

"नगं उतरू. म्या तोफा वडल्यात. तू काय जड न्हाईस."

ती रडता रडता हसली आणि मग सगळा मांडवच हसायला लागला. ट्रक गुरगुरला, साखळी ताणली गेली आणि गाडी पेटीतून बाहुली काढावी तशी चरातून बाहेर आली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साखळी सैल पडली, ती आपोआप सुटली असं समजून गाडी घाईघाईने मारुंजीच्या दिशेने गेली. हवालदार मात्र ट्रकमधून उतरेनात. मी डावीकडून चढून पाहिलं. इंजिन चालूच होतं. ते समोरच्या तबकड्यांवरच्या काट्यांकडे बघत होते.

"काय झालं?"

"हवा भरतीया ब्रेकची," ते म्हणाले.

या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि दाबाचा काटा केव्हाच पूर्ण वर गेलेला दिसत होता. "भरू द्या," मी म्हणालो आणि त्यांचा कोट मांडीवर घेऊन बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी बाहीने तोंड पुसलं, मागे बघून "चला, बसा रं समदी" अशी हाक दिली आणि घरापर्यंत स्वतःच ट्रक आणला. कार्यालयातून निघताना व्याह्यांनी त्यांना चालकाच्या जागेवर पाहिलं होतं, आणि हात जोडून वाकून नमस्कार केला होता.

मालेत उतरताना बायकांना ट्रकच्या मागे काहीतरी लटकताना दिसलं. साखळीबरोबर नवऱ्यामुलाच्या गाडीचा बंपर आला होता, झेंडूच्या माळेसकट. तो आता माझ्या पडवीत आहे. जावई तो न्यायला आतापर्यंत तीनदा येऊन गेले. दर वेळी हवालदारांकडे जेवण होतं, माझ्याकडे चहा होतो, सासऱ्या-जावयांची ट्रकभोवती एक फेरी होते, आणि बंपर न्यायचं राहूनच जातं.