दोन लेकींवर थांबलेला माणूस

"तू तिफनीले हात नको लावू. तुह्या हातानं बी निपजन नाई," मालक म्हणाला.

सोयाबीनच्या पेरणीचा पहिला दिवस होता. बैल जुंपलेले. तिफणीला हळदकुंकू लावलेलं. इंझोरीकडच्या आमच्या गावात पेरणीचं तास, बियाण्याची ओळ, बाबासारखी सरळ कुणाचीच यायची नाही. दर साली मालकाच्या वावरात पहिली तिफण बाबाच धरायचा. पण त्या उन्हाळ्यात त्यानं नसबंदी करून घेतली होती. आम्ही दोघी बहिणी. तेवढ्यावर तो थांबला.

"लेक नाई, आन बैलासारखं बडवून घेतलं यानं. मेल्यावर पिंड कोन देईन बे तुले?"

बैल खच्ची करण्याला आमच्याकडे बडवणं म्हणतात. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे गडी हसले.

"आमच्यात पिंड नसते, मालक," बाबा हळूच म्हणाला. "म्हनून तं थांबलो. दोघीले शिकवतो."

मी शिदोरी घेऊन उभी होते. बारा वर्षांची. म्हणाले, "मंग हे बैलबी सोडा ना. हेबी बडवलेलेच हायेत."

हसणं थांबलं. बाबानं माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. मग माझा हात धरून घराकडे चालू लागला.

त्यानंतर गावात कुणी त्याला पेरणीला बोलावलं नाही. तो वाशिमला पोती उचलायला गेला. आमच्या घरात कुणी दहावीही झालेलं नव्हतं. त्याच्या पाठीवरच्या पोत्यांवर आम्ही दोघी पदवीधर झालो. त्याचे उपकार फिटणारे नाहीत.

मला वाटायचं, हे सगळं मालकाच्या धर्मातलं. आपण तर छप्पन सालीच बाहेर पडलो.

बाबा वारला तेव्हा आमच्याच वस्तीनं चुलतभावाला पुढं केलं. "पोरी अग्नी देत नसतात." त्रिसरण झालं, पंचशील झालं, आणि बाबाला दवाखान्यात एकदाही बघायला न आलेल्यानं अग्नी दिला. मी मागं बायकांत उभी. पदवी होती माझ्याकडे. तोंड उघडलं नाही.

आता मला एक मुलगी आहे, पाच वर्षांची. सासूबाई बुद्धवंदना आटोपली की सुरू होतात, "एक पोरगं तं पायजेच बाई. नाव कोन चालवन?" नवरा शिकलेला, नोकरीवाला. परवा म्हणाला, "पोरगं नाई देनार तं या घरात कायले राह्यतं?"

या घरात कुणी बदलेल असं मला वाटत नाही. वस्तीतही नाही. माझी मुलगीही उद्या हेच ऐकेल.

मंगळवारी माझं नसबंदीचं ऑपरेशन आहे. मुलीला बहिणीकडे पोचवून मी एकटी जाणार. माझे आणि मुलीचे कागद पिशवीत भरले आहेत. परत आल्यावर सासरचं दार बंद असेल, तर ते मी वाजवणार नाही.