आमच्या गल्लीतली मतं

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, तू आजोबांना घेऊन परत इकडे का येत नाहीस?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा वाचून दाखवतील. वाचताना ते मधेच थांबले किंवा पान भराभर उलटू लागले, तर त्यांना तिथेच धरा.

आधी मुद्द्याचं सांगते. आपल्या घरामागे एक कांस आहे. पावसाचं पाणी विश्वामित्री नदीकडे नेणाऱ्या मोठ्या उघड्या नाल्याला बडोद्यात कांस म्हणतात. शेजारच्या मोकळ्या जागेवर उंच इमारत झाली तेव्हा तिच्या कुंपणाच्या भिंतीखाली ही कांस एका पाइपात कोंबली गेली, आणि आता तो पाइप गाळाने भरला आहे. पावसाळ्याआधी तो मोकळा झाला, तर आजोबा खालच्या खोलीत राहतील. नाही झाला, तर त्यांना वरच्या मजल्यावर न्यावं लागेल. आणि एकदा वर नेलं की ते पुन्हा खाली येणार नाहीत. जिना अरुंद आहे आणि त्यांचं उजवं अंग गेलेलं आहे.

वर गेले तर बिघडलं काय, असं तुम्हाला वाटेल. इथे परतल्यावर झटका आला तेव्हापासून त्यांना बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण सकाळी त्यांची खुर्ची ओटल्यावर, दारापुढच्या ओट्यावर, ठेवली की भाजीवाली रस्त्यातूनच विचारते, "केम छो, दादा?" आणि ते डावा हात वर करतात. दूधवाल्याला करतात, इस्त्रीवाल्याला करतात. मग कोयलीच्या रिफायनरीतले त्यांचे एक जुने सहकारी येतात, पेपर मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक बातमीनंतर सरकारला एक शिवी देतात. आजोबा दिवसभरात हसतात ते तेवढ्याच वेळी. त्या गृहस्थांचे गुडघे आपला जिना चढण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत.

गेल्या पुरात पाणी दारातून आलं नाही. न्हाणीच्या मोरीतून आलं, काळं, काही आवाज न करता. मी स्वयंपाकघरातून वळून बघते तर आजोबांच्या पलंगाखालच्या चपला तरंगत होत्या. समोरच्या मासी, त्या गुजराती, एकट्याच राहतात, आणि पेपरवाले सहकारी, अशा आम्ही तिघांनी मिळून त्यांना जेवणाच्या टेबलावर चढवलं. भिंतीला उशा लावून ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथे बसून होते. मी त्यांना पाण्यात भिजवलेला खाखरा भरवत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते.

वीज आल्यावर फोन सुरू केला तर तुमचा व्हिडिओ आला होता. बडोद्याच्या रस्त्यावरून मगर चालली आहे आणि खाली हसून हसून रडणारा चेहरा. ती मगर आपल्याच गल्लीच्या तोंडाशी होती. मी रागावले नाही. तुम्ही लहान आहात, आणि चित्रात पाण्याला वास नसतो.

त्यानंतर मी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवू लागले. अर्ज मी इंग्रजीत लिहिला, मासींनी गुजरातीत करून दिला. कोणीही माझा अपमान केला नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि टेबलामागचा तरुण म्हणाला, "मासी, ॲपमां नाखो ने." मी ॲपवर तक्रार नोंदवली, फोटोसकट. काही दिवसांनी मी कांसेच्या काठावर उभी असतानाच फोन वाजला: तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? समोर पाइपाच्या तोंडाशी एक गादी अडकली होती.

मग महापालिकेच्या निवडणुका आल्या आणि नगरसेवक स्वतः ओटल्यावर आले. आपलेच, मराठी, बडोद्यातच वाढलेले. बरोबर मतदारयादी घेतलेला एक कार्यकर्ता.

"काकू, टेन्शन घेऊ नका ना. तुमची कांस म्हणजे माझ्या घरची कांस."

"तुमच्या घरी पाणी आलं होतं?" मी विचारलं.

"माझं घर वरच्या बाजूला आहे," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

कार्यकर्त्याने यादी चाळायला सुरुवात केली. एकेका घराकडे बोट दाखवून तो बोलत होता. "हे बंद. कॅनडा. हे बंद, सिडनी. इथले दादा वारले. हे पण कॅनडा. साहेब, ह्या गल्लीत लाइटी लागतात, पण माणसं नाहीत." ते खरं होतं. निम्म्या घरांतले दिवे संध्याकाळी आपोआप लागतात, चोरांना फसवायला. "आणि काकू, तुमचं नाव तर कमी झालंय."

"मी कॅनडाची नागरिक आहे," मी म्हणाले.

"मग तुम्ही तर पाहुण्या!" नगरसेवक म्हणाले. "पाहुण्यांनी कांसेकडे बघायचं नसतं, काकू. ढोकळा खायचा." सगळे हसले. मीही हसले. मग जाताना त्यांनी आवाज खाली आणला आणि जे सांगितलं, त्याबद्दल मी त्यांचा राग करू शकत नाही. "काकू, खरं सांगू? त्या इमारतीत शंभर घरं आहेत. तुमच्या गल्लीत मतं बोटांवर मोजण्याइतकी. भिंत तोडायला मी कोणाच्या जिवावर उभा राहू?"

मुलांनो, तुमची आजी शाळेत इंग्रजी शिकवायची. शिक्षकांना निवडणुकीच्या कामाला लावतात. लहरीपुऱ्यातल्या अर्ध्या दुकानदारांच्या बोटांना मी शाई लावलेली आहे. म्हाताऱ्या बायका बोट पुढे करायला लाजायच्या, मी त्यांचा हात हातात घेऊन लावायचे. आता मतदानाच्या दिवशी माझं बोट कोरं असतं. तुमच्या देशाची शपथ घेतली तेव्हा मला वाटलं होतं, हा फक्त पासपोर्टचा रंग आहे. तुमच्याकडे यायला-जायला सोपं पडेल. आजोबांनी घेतली नाही. ते त्या सभागृहात मागे बसून पेपरमिंट चघळत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "अभिनंदन, मॅडम. आता घरात एक परदेशी बाई आहे, भांडताना जपून बोललं पाहिजे."

तुमच्याकडे असताना फुटपाथची एक फरशी उचकटली होती. मी नगरपालिकेला ई-मेल केली आणि आठवड्याच्या आत माणूस येऊन ती बसवून गेला. त्या रस्त्यावर मी कितीतरी हिवाळे काढले आणि तिथे एकालाही माझं नाव माहीत नव्हतं. आजोबांना तिथे हात वर करायला कोणी नव्हतं, म्हणून आम्ही परत आलो. इथे वॉर्डातला प्रत्येक जण मला टीचर म्हणतो, आणि कांस बंद आहे. यातलं कुठलं बरं, ते मला विचारू नका. नागपूरहून लग्न होऊन आले तेव्हाही मी इथे परकीच होते. पण तेव्हा कोणी मला पाहुणी म्हटलं नव्हतं. मत नसलं की माणूस किती हलका होतो, हे मला आयुष्यभर शाई लावूनसुद्धा कळलं नव्हतं.

आपल्या घरात एकच मत होतं, आजोबांचं. मतदानाच्या दिवशी मी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि व्हीलचेअरवरून केंद्रावर नेलं. दारावरची पोलीस मुलगी म्हणाली, "बा, तमारी स्लिप?" मी म्हटलं, "माझी नाही, यांची." मग सहकाऱ्यांनी खुर्ची आत नेली आणि मी बाहेर निंबाखाली उभी राहिले. थोड्या वेळाने यंत्राचा लांब आवाज ऐकू आला. आजोबा बाहेर आले ते डाव्या हाताचं बोट वर करूनच.

"कोणाला दिलंत?" मी विचारलं.

बोलता येत होतं तेव्हाही त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. ते हसले. पेपर नसताना हसले.

नगरसेवक पुन्हा निवडून आले. शब्द त्यांनी अगदीच मोडला असं नाही. एके दिवशी जेसीबी आला, कांसेच्या तोंडाशी थोडा गाळ उकरला, फोटो निघाले, गाळ काठावरच राहिला. पाइपाला हात लागला नाही. मी जेसीबीच्या पुढे जाऊन उभी राहिले. ओरडलेसुद्धा. तुम्ही मला कधी ओरडताना ऐकलेलं नाही. चालक खाली उतरून म्हणाला, "मासी, मने जेटलुं कीधुं एटलुं ज." त्याला सांगितलं होतं तेवढंच त्याने केलं होतं. बाबा फोनवर म्हणाले, घर विकून टाक. पाणी शिरणारं घर त्या इमारतवाल्याशिवाय कोण घेणार? आणि आजोबांना विमानात बसवायला डॉक्टर तयार नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

इथवर लिहून पत्र काही दिवस तसंच राहिलं. परवापासून दक्षिणेकडे ढग दिसू लागले. काल मी चार माणसं बोलावली. आजोबांना खुर्चीत बसवून, पट्ट्याने बांधून वर न्यायला सुरुवात केली. पहिल्या वळणावर त्यांनी डाव्या हाताने कठडा धरला आणि सोडेनात. माणसं म्हणाली, "दादा, छोडो." सहकारी खालून म्हणाले, "अरे, मी खालून ओरडून पेपर वाचेन, गल्लीला पण कळेल." आजोबा सोडेनात. त्यांच्या घशातून आवाज येत होता. शेवटी मी पुढे झाले आणि त्यांची बोटं एकेक करून उघडली. तर्जनीच्या नखावर शाई अजून आहे, नख वाढलं तशी वर सरकलेली.

ते आता वरच्या खोलीत आहेत. खिडकीतून त्यांना समोरच्या बंद घरांच्या गच्च्या दिसतात. आज भाजीवालीने खालून हाक मारली. ती त्यांना ऐकू गेली की नाही, कळलं नाही. हात वर झाला नाही.

औषधं, तांदूळ, छोटी शेगडी, पाण्याचे कॅन, सगळं मी वर नेऊन ठेवलं आहे. मी मात्र खालीच झोपते, त्यांच्या पलंगावर, न्हाणीचं दार उघडं ठेवून. पाणी आलं तर घरात कोणाला तरी आधी कळलं पाहिजे.