यंदाचं साल कुणाचं

तो फॉर्म मी तयार केला होता. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. आळेफाट्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून मी त्याचे चार रकाने पाडले: घरच्या कर्त्याचं नाव, पडलेली झाडं, झाडाचा मालक, आणि चौथा, माझा लाडका रकाना, 'यंदाचं तुमचं नुकसान'. बाहेर ट्रकवाल्यांचे हॉर्न बोंबलत होते. दुकानदारानं विचारलं, "ताई, या वेळी कसली चळवळ?"

"हवामानाची."

"मग लॅमिनेशन करून देऊ का? पावसात भिजंल."

मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

मी वारूळवाडीची. आमच्याकडे टोमॅटो, द्राक्षं, कॅनॉलचं पाणी. डोंगराकडच्या वाड्यांची ओळख झाली ती पत्रकं वाटताना. पत्रक लिहायला मी कॉलेजात शिकले: एक पान, वर ठळक मथळा, खाली तीन मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. जग त्या एका पानात बसतं अशी माझी खात्री होती. वडील म्हणायचे, "तुझी पत्रकं वाचून वादळ परत जाणार हाय का?" मी म्हणायचे, वादळ नाही जाणार, पण साहेब तरी येईल.

आणि साहेब येणार होता. कायद्यानंच येणार होता. निवडणुकीच्या आधी सरकारनं हवामानाचा मोठा आराखडा काढला. रोपं लावली, फोटो काढले, आमच्यासारख्यांना बोलावून शाली दिल्या. मीही घेतली, कपाटात आहे अजून. त्या जाडजूड आराखड्यात एकच कलम आमच्या कामाचं होतं. ज्या झाडांवर डोंगरातली कुटुंबं जगतात ती वादळात पडली, तर सरकारनं त्यांची नोंद ठेवायची, आणि दर वर्षी अधिकाऱ्यानं ग्रामसभेत येऊन सांगायचं, की या गावासाठी आम्ही काय केलं आणि काय नाही. बास. वर्षातून एकदा लोकांसमोर उभं राहायचं. मला त्या शेवटच्या वाक्यासाठी ते कलम हवं होतं. ज्यांनी आयुष्यात कधी गाडी घेतली नाही, ज्यांच्या घरातले दोन दिवेही एका वेळी लागत नाहीत, त्यांच्या अंगावर बदललेलं हवामान येऊन आदळतं. निदान कुणीतरी त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यावं. यात मी फार मागत होते असं मला आजही वाटत नाही.

वादळ आलं ते हिरड्याचा हंगाम संपता संपता. मढच्या पुढे डोंगराला चिकटून एक वाडी आहे. भात, नाचणी, वरई आणि हिरडा. उन्हाळ्यात कोवळा हिरडा काढायचा, वाळवून काळा करायचा, व्यापारी येऊन घेऊन जातो. वर्षातलं रोख घरात येतं ते त्याच्यातून. वारं घाट चढून आलं आणि एका दुपारी बांधावरची, माळावरची थोरली झाडं मुळासकट आडवी झाली. पणज्याच्या हातची झाडं. मी तिसऱ्या दिवशी गेले, तर पायवाटेवर फांद्या ओलांडत जावं लागत होतं आणि उपटलेल्या मुळांची माती अजून ओली होती.

मी शाळेच्या ओट्यावर बसून फॉर्म वाटले. लोकांनी ते मन लावून भरले. एकमेकांना विचारून, खाडाखोड न करता. मी गठ्ठा बांधला, वर आमच्या संघटनेचं पत्र लावलं आणि सरकारी टेबलावर आपटला. पोच घेतली. त्या शिक्क्याचा फोटो स्टेटसला ठेवला.

शेवटचा रकाना मी वाचला नव्हता. पडलेल्या झाडांचा दुसरा रकाना तेवढा बघितला, गठ्ठा जाड आहे हे बघितलं, आणि मला पुरे वाटलं.

निवडणूक झाली. पुढच्याच अधिवेशनाच्या तोंडावर आराखड्याची सुधारित प्रत आली. सुधारित म्हणजे काय, तर पातळ. नद्यांचं प्रकरण गेलं, खाणींवरची बंधनं गेली, हवामानासाठी उघडलेली जिल्ह्यातली खोली बंद होऊन तिथं जुन्या फायली गेल्या. विकासाला गती द्यायची होती म्हणे. आमचं कलमही गेलं. आणि ते का गेलं याचं कारण तळटीपेत दिलं होतं. त्या भागातल्या एका संघटनेनं स्वतःच पाहणी केली असून, जवळजवळ सगळ्याच कुटुंबांनी नुकसान झालेलं नसल्याचं लिहून दिलं आहे. सबब कलमाची गरज नाही.

एक संघटना म्हणजे मी.

माझ्या अंगाची लाही झाली. आधी वाटलं, यांनी फॉर्म बदलले. छायाप्रती काढून बसले रात्रभर वाचत. एकही बदललेला नव्हता. पडलेली झाडं: चार. यंदाचं नुकसान: नाही. पडलेली झाडं: सात. यंदाचं नुकसान: नाही. नाही. नाही. निरंक. एकानं तर लिहिलं होतं, 'देवाच्या दयेने नाही'.

सकाळची पहिली एसटी धरून मी वाडीत गेले आणि मावशींच्या अंगणात उभी राहून ओरडले. मावशी म्हणजे पहिल्या दिवसापासून मला जेवू घालणारी बाई. त्यांच्या घराची चार झाडं पडली होती. चारच होती.

"मावशी, चार झाडं आडवी झाली आणि तुम्ही लिहिता नुकसान नाही?"

त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बस आधी. मंग वरड."

"कुणी सांगितलं होतं असं लिहायला?"

"कुणी कशाला सांगंल? यंदाचं साल माझं न्हाई. जाऊबाईंचं हाय."

मला काही समजेना. मग त्यांनी मला, तालुक्याला व्याख्यानं देत फिरणाऱ्या मुलीला, सुपातल्या तांदळाचे चार दाणे बाजूला काढून समजावलं. जमिनीची वाटणी होते, हिरड्याची होत नाही. एक झाड लई लागतं, एक कमी लागतं, भावाभावांत कसं तोडणार? म्हणून एक साल थोरल्याचं, एक साल धाकट्याचं. चारही झाडं ज्याचं साल त्याची. दुसऱ्यानं त्या वर्षी खाली पडलेला हिरडासुद्धा उचलायचा नाही. हंगाम आला की ज्याचं साल सरलं, तो आपल्या घरची आकडी, म्हणजे फांदी ओढायची लांब काठी, दुसऱ्याच्या दारात नेऊन देतो. साल बदललं.

"मग जाऊबाईंनी तरी लिहायचं!"

पलीकडच्या पडवीतून जाऊबाई बोलल्या, "आमी काय लिवणार? आमचा हिरडा काढून, वाळवून घरात आला व्हता. त्याच्यानंतर वारं आलं. तुजा कागद इचारतो, यंदाचं नुकसान काय. यंदाचं न्हाईच झालं."

"पण झाडंच गेली ना!"

"ते दिसतंय की सगळ्यांना," जाऊबाई म्हणाल्या. "ते कशाला इचारायचं?"

मावशी म्हणाल्या, "तू यंदाचं इचारलंस, आमी यंदाचं सांगितलं. दुसऱ्याच्या सालात आपलं नुकसान लिवायचं म्हंजे लबाडी झाली. उद्या जाऊबाई म्हणतील, हिनं माजं साल खाल्लं."

"मी न्हाई म्हणायची."

"तुमी न्हाई. गाव म्हणंल."

सगळ्या वाडीनं हेच केलं होतं. ज्याचं साल होतं त्याचा हिरडा घरात आलेला, ज्याचं नव्हतं त्याचा हक्क नाही. दोघंही खरं बोलले, आणि त्यांच्या खऱ्याचा चुरा करून सरकारनं काढलेल्या कलमाचं भोक बुजवलं. मला माझ्या चौथ्या रकान्याची लाज वाटली. पण लाजेपेक्षा राग मोठा होता, कारण मी चुकले ते न कळून. सरकारकडे दुसरा रकानाही होता. पडलेली झाडं चार. तो वाचून त्यांनी पान उलटलं.

हरकतींवर सुनावणी होती. एकदाच, तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात. आंबेगावच्या खोऱ्यातूनही माणसं आली होती. प्रत्येकाला तीन मिनिटं. व्यासपीठावर साहेब, त्यांच्या मागे आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची बदकं तशीच. मी आधी बोलले, कागद फडकावत, आणि माझी तीन मिनिटं कलमं वाचण्यातच गेली. मग मावशी उठल्या.

"साहेब, झाडं चार. चारी पडली. यंदाचं साल जाऊबाईंचं व्हतं. पुढलं माजं हाय. माज्या सालाला झाडं न्हाईत."

साहेबांनी चष्मा वर केला. "मावशी, तुम्ही स्वतः लिहून दिलंय, नुकसान नाही म्हणून. सही तुमचीच आहे ना?"

"माजीच."

"मग आज वेगळं का सांगताय?"

"वेगळं कुठं? तवा यंदाचं सांगितलं. आता पुढलं सांगते."

"पुढच्या वर्षीचं नुकसान आत्ता कसं धरणार? अजून झालेलंच नाही." सभागृहात कुणीतरी हसलं. साहेबही जरा हसले.

"साहेब, तुमची नोकरी आज गेली, तर पुढल्या महिन्याचा पगार गेला का न्हाई?"

आता सगळेच हसले. साहेब सोडून. ते म्हणाले, "रेकॉर्डवर घेतलंय. बसा."

त्या हशावर मी जिंकल्यासारखी घरी आले. इतकी शहाणी मी. पंधरवड्यानं इतिवृत्त हातात आलं. माझं नावही नव्हतं. मावशींबद्दल एकच ओळ होती: एका महिलेनं झाडांच्या वाटणीवरून जावेशी असलेला कौटुंबिक वाद मांडला, त्याचा आराखड्याशी संबंध नाही.

कौटुंबिक वाद. ज्या दोन बायका एकमेकींच्या सालातलं पडलेलं फळ उचलत नाहीत, त्यांच्यात वाद. एकमेकींना फसवू नये म्हणून स्वतःचं नुकसान न लिहिणाऱ्या माणसांना या राज्यानं भांडकुदळ ठरवलं. आणि ज्यांनी निवडणुकीआधी दिलेला शब्द निवडणुकीनंतर गिळला, ते लोक व्यवहारी. मी ते पान मावशींना वाचून दाखवलं. जाऊबाई पडवीतून म्हणाल्या, "वाद तर वाद. आता आपून एकदा भांडूनच घेऊ गं. सरकारचा कागद खोटा नको पडायला."

कलम गेलं ते गेलं. अंतिम आराखडा छापून आला, त्याच्यावर हिरवं पान आहे.

नवा हंगाम आला तेव्हा मी वाडीतच होते. सकाळी जाऊबाई आकडी घेऊन मावशींच्या दारात आल्या. मला वाटलं, हे यंदा होणार नाही. झाडंच नाहीत तर कसली आकडी? आडव्या खोडांची सरपणं होऊन पावसाळ्यात जळूनही गेली होती. पण जाऊबाईंनी आकडी दारात उभी केली आणि म्हणाल्या, "घ्या. साल तुमचं."

मावशींनी पदर सारखा करून ती दोन्ही हातांनी घेतली. वळचणीला लावली. मग आत जाऊन हात धुऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"तुजा कागद आण. आता लिव."

"काय लिहू?"

"यंदाचं नुकसान. चार झाडांचा सगळा हिरडा. आता माजं साल हाय, आता लिवलं तर लबाडी न्हाई."

मी लिहिलं. त्या दिवशी वाडीतल्या, ज्यांचं साल होतं, त्या प्रत्येक घरानं तसंच लिहून दिलं. कुणाला समजवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तालुक्याला गेलो. आवकच्या खिडकीतल्या माणसानं गठ्ठा चाळला. तो वाईट नव्हता, कंटाळलेला होता. म्हणाला, "ताई, ते कलमच राहिलं नाही. कशाखाली घेऊ हे? आणि मुदत पण संपली."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशींनी मला कोपरानं मागे सारलं.

"भाऊ, घ्यायचं का न्हाई ते तुमच्या साहेबांनी बघावं. तुमी शिक्का मारा. यंदा माजं साल, मी आले. पुढल्या साली ह्या येतील," त्यांनी जाऊबाईंकडे बोट केलं. "त्याच्या फुडं परत मी. हिरडा लावला तर लागायला लई वर्सं जातात. तवर आमचं असंच चालायचं."

तो म्हणाला, "दर वर्षी येणार तुम्ही?"

"पाळीपाळीनं," जाऊबाई म्हणाल्या. "एकीलाच तरास नको."

त्यानं शिक्का मारला. मी शिक्क्याचा फोटो काढला नाही. परतताना आळेफाट्याला उतरले, त्याच दुकानात गेले आणि फॉर्मवर पाचवा रकाना पाडून घेतला: पुढचं साल कुणाचं. दुकानदारानं विचारलं, किती प्रती. म्हटलं, जास्त काढ, दर वर्षी लागतील.