पायाखालचं नाव

फोन आला तेव्हा मी मामांच्या नावासाठी खोदलेल्या खड्ड्यापाशी उभी होते. गोंदियात बाजाराकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या नव्या फूटपाथवर आपल्या भागातल्या जुन्या कलावंतांच्या नावाच्या पाट्या बसवायचं काम चाललं होतं. काळा ग्रॅनाइट, त्यात पितळी अक्षरं, आणि पाटी भिंतीवर नाही तर खाली, फरशीत. मी ज्या आर्किटेक्टकडे नोकरी करते, त्यांच्याकडेच त्याचं ड्रॉइंग होतं. मिस्त्री विचारत होता, "मॅडम, ये वाला कितना नीचे लेना है?" आणि प्रकाशदादाचा, मामांच्या मुलाचा फोन. "बाबा गेले," तो म्हणाला. चहा मागितला होता, मामी आतून घेऊन येईपर्यंत... मिस्त्री उत्तरासाठी थांबला होता. "फर्श के बराबर," मी म्हणाले आणि सौंदडकडे जायला निघाले. या गोष्टीला महिना होत आला, पण त्या दिवसापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत. ऑफिसात टेबलावरून उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते. हेसुद्धा एका बैठकीत लिहिलेलं नाही.

देवाजीमामा माझ्या आईचे सगळ्यात मोठे भाऊ. सौंदडजवळच्या गावात त्यांची धानाची शेती, पण ओळख खडी गंमतीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या उभ्याने होणाऱ्या लोकनाट्यातल्या नाच्याची. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरायची, तिथे भर दुपारी ढोलकी आणि डफाच्या साथीवर मामा बाई होऊन उभे राहायचे. नेसायचे ते मामीचंच लुगडं. "माह्यापेक्षा त्याले शोभे," मामी सांगायची, "बाया मले विचारत, कुठून आनलं वो? मी म्हनो, माह्या सवतीचं हाये." मी त्यांना नाचताना एकदाच पाहिलं, तेही अगदी लहानपणी. तोवर गुडघे गेले होते, पण एका मंडईत कुणीतरी आग्रह केला आणि ते उभे राहिले. मिशी तशीच, डोक्यावर फक्त पदर. लोक हसले. मग त्यांनी वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पहिला पाय मारला... हसणं कुठे गेलं ते मला कळलं नाही. मी आईचा हात सोडला होता, एवढं आठवतं.

नाच थांबला तरी पाय थांबले नाहीत. ओसरीत त्यांची एक लाकडी खुर्ची असे. त्यात बसून ते पेपर वाचत, जेवत, भांडत, आणि उजव्या पायाची टाच सतत जमिनीवर आपटत राही. सारवलेल्या जमिनीला तिथे खळगा पडायचा. मामी दर आठवड्याला शेणामातीने तो बुजवायची आणि बोलायची, "मानसाचे पाय हायेत का बैलाचे खुर?" मामा पेपरमागून म्हणायचे, "तू बुजव, मी खोदतो. दोघाइलेबी काम पाहिजे ना."

सुट्टीत मी तिथे जायची. मी कॉन्व्हेंटमधली, कमी बोलणारी. घरात पाहुणे आले की कोपरा शोधणारी. बाकी सगळे विचारायचे, "हिले बोलता येते का नाई?" मामांनी कधी विचारलं नाही. मी त्यांच्या खुर्चीशेजारी पुस्तक घेऊन बसायची, त्यांची टाच चालू, आमचं बोलणं बंद. मात्र एकदा मी अंगणातून येत होते, तर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, तू चालून राहिली का जमिनीची माफी मागून राहिली?" मला राग आला होता. अजूनही चालताना कधीकधी मध्येच ते आठवतं आणि पाऊल अडखळतं.

पाट्यांची कल्पना निघून त्यासाठी समिती नेमली तेव्हा हयात कलावंतांमध्ये मामांचं नाव आलं. सांगायला मीच गेले. प्रकाशदादा ऐकूनच उखडला. "फूटपाथवर? गोंदियात लोक खर्रा खाऊन कुठे थुंकतात, तुला माहीत नाही? बापाच्या नावावर थुंकवून घेऊ?" त्याचं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे चुकून कागदाला पाय लागला तरी आपण हात लावून कपाळाला लावतो, आणि इथे तर माणसाचं नाव. मी म्हणाले, समितीला विचारून भिंतीवर लावता येईल. मामांची टाच थांबली.

"भिंतीवर तं मेल्यावर टांगतात," ते म्हणाले. "गमतीले स्टेज नसते पोरी. आमी मातीत उभे राहो, लोकाइच्या मंधात. वाट नसली तं लेकरं माह्या पायावरून जात. ज्याले पाह्याचं त्यानं पाहावं, ज्याले जायाचं त्यानं जावं... मले खालीच ठेव." मग माझ्याकडे वळून, "अन् तू पाय देजो त्याच्यावर. बाजूनं नोको जाजो."

मी हो म्हणाले. तीच आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर समितीची मंडळी मामांच्या घरी आली. आता देवाजी राहिले नाहीत, तेव्हा त्यांची पाटी तरी भिंतीवर घेऊ, वर छोटा दिवा, हार घालायला खिळा... सगळ्यांना पटलं. प्रकाशदादाच्या चेहऱ्यावर तर सुटल्याचा भाव होता. मी दाराशी उभी होते. अशा वेळी मी कोपरा शोधते. पण मामांना हो म्हटलं होतं. मी एकदम बोलले, "नाही. मामांची इच्छा होती की त्यांचं नाव पायदळी तुडवावं."

मला वाटलं, 'पायदळी' म्हणजे पायाखाली, त्यात काय चुकलं? आईने डोळे मिटून घेतले. समितीतले एक गृहस्थ चहाचा कप तोंडापाशी धरून तसेच बसले. आणि मग प्रकाशदादाला हसू फुटलं. तो हसतच राहिला, गुडघ्यावर हात मारून. "बाबा असते ना," तो म्हणाला, "तर हेच म्हणाले असते. तुडवा म्हणाले असते..." आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. त्याने तोंड फिरवलं. मग तो समितीला म्हणाला, "खालीच बसवा. ती म्हणते तसं."

पाटी बसली, फरशीच्या पातळीला. माझं काम संपलं असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी तिच्यावर झेंडू होते. मग कुणी उदबत्ती खोचली. शेजारच्या चहावाल्याने कडेने विटा लावल्या, हळदीकुंकूही आलं. लोक तिथवर येत, फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरत, वळसा घालत आणि पुन्हा वर चढत. थुंकलं कुणीच नाही. पायही कुणी दिला नाही. आणि मीही रोज ऑफिसला जाताना तसाच वळसा घालत होते. पाय आपोआप वळायचा. संध्याकाळी घरी जाऊन मी येरझाऱ्या घालायची. त्यांना मी खाली ठेवलं होतं, तरी ते भिंतीवरच गेले होते.

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, मी थांबले. एकेक वीट उचलून झाडाखाली ठेवली. फुलं गोळा केली. चहावाला ओरडला, "अरे मॅडम, देखके! नाम लिखा है!"

"मालूम है. माझेच मामा आहेत."

"फिर भी?"

चहाच्या बाकावरची माणसं बघत होती. वाकून मी पाटीला हात लावला, कपाळाला लावला आणि मग दोन्ही पाय ठेवून उभी राहिले. ग्रॅनाइट तापलेलं होतं, सँडलमधूनही कळत होतं. मी टाच आपटली. आवाज फारसा आला नाही. पुन्हा आपटली. बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई बाजूच्या बाईला म्हणाल्या, "देवाजीचीच दिसते." त्या जाताना पाटीवरून चालत गेल्या, सरळ.

रविवारी मामीकडे गेले. तिला हे सगळं सांगायचं होतं, पण कुठून सुरू करावं कळेना. ओसरी नुकतीच सारवलेली, ओली, खुर्चीपुढचा खळगाही नेहमीसारखा बुजवलेला. मामी सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी खुर्चीत बसले. बोलायला शब्द जुळवत राहिले... किती वेळ गेला ठाऊक नाही.

"काऊन वो," मामी सुपातून मान वर न करता म्हणाली, "आता तू सुरू झाली का? सकारीच सारवलं मी."

खाली पाहिलं. माझ्या टाचेखाली ओल्या मातीत खोलगट वाटीएवढा खळगा पडला होता.