बेचिराग माळावरची चूल

देगलूरच्या पुढे, तेलंगणाच्या हद्दीला लागून आमची थोडी जमीन आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या मोजणीसाठी मी आत्याला घेऊन लातूरहून गेले. मोजणीवाल्यांना उशीर झाला. भर दुपारी लिंबाखाली बसल्या बसल्या आत्यानं तिच्या आजीची, म्हणजे माझ्या पणजीची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती कुणी काढत नसे.

पणजोबांच्या गावात आमच्या माणसांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. हा माळ पडीक आहे, फोडील त्याला कसता येईल, असं कळलं म्हणून नवराबायको दोघंच इथं आली. सरकारी कागदात ही जागा बेचिराग होती. म्हणजे कधीकाळी गाव होतं, आता दिवा लावायलाही कुणी उरलं नव्हतं. गाव का उठलं, कुणाला सांगता येत नव्हतं. दगडगोटे वेचताना जोत्यांच्या ओळी उघड्या पडल्या. एका जोत्यात मातीची धड चूल निघाली. पणजीनं तिथंच खोप घालायला लावली. आयती चूल कशाला मोडायची?

सकाळी ती उठे तेव्हा चूल पोतारलेली असे. राख काढलेली, शेणामातीचा ओला हात फिरलेला. नवरा करतो असं वाटून ती मनात सुखावे. पणजोबांना वाटे, बायको करते. महिनाभर असंच चाललं. मग ती तापानं अंथरुणाला खिळली. तिसऱ्या दिवशी पणजोबा म्हणाले, "पडून राहा म्हणलं, तर चूल कशाला पोतारून राहिलीस?"

ती उठून चुलीपाशी गेली. बोटांचे माग अजून ओले होते. तिनं आपला हात त्यांवर ठेवून पाहिला. ती बोटं तिच्याहून बारीक होती.

पणजोबा म्हणाले, निघू. पण जायचं कुठं, हे त्यांनाही सांगता येईना. तेव्हा पणजी चुलीसमोर बसली.

"बाई, तू कोन हाईस मला ठाव न्हाई," ती म्हणाली. "पर आमाला दुसरी जागा न्हाई."

तिनं दुसऱ्या कोपऱ्यात नवी चूल घातली. जुनीवर पुन्हा रांधलं नाही. तरी ती रोज पोतारलेली दिसे. दोघं तिला वळसा घालून वावरत. पहिली ज्वारी निघाली, आणि एका सकाळी पणजीला कळा सुरू झाल्या. पणजोबा दोन कोसांवरून सुईण घेऊन आले तोवर माझे आजोबा जन्मले होते. नाळ कापलेली, मूल पुसून लुगड्यात गुंडाळलेलं. कोण आलं होतं, असं सुईणीनं विचारलं. पणजीनं जुन्या चुलीकडं पाहिलं.

त्यानंतर जुनी चूल कधीच पोतारलेली दिसली नाही. आठवड्याभरात तिला चिरा पडल्या.

तिला भीती नाही वाटली? मी विचारलं. आत्यानंही लहानपणी आजीला हेच विचारलं होतं.

"म्हणाली, भ्या वाटलं ते मागून. चूल फुटाया लागली तवा. लई एकटं पडल्यावानी झालं."

तेवढ्यात मोजणीवाल्यांची गाडी आली. आत्या पदर सावरून उठली आणि त्यांना बांध दाखवायला पुढे निघाली. मला मात्र तिथून लगेच उठवेना.