कोपराला कळणारा मासा

शिवणकाकूंच्या पुढच्या एका दाताचा कोपरा उडाला आहे. कशाने, असं विचारलं की त्या सांगतात, "दोऱ्याने." ऐकणाऱ्याला वाटतं, काकू थट्टा करताहेत. पण काकू थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हेत, थट्टा त्यांच्या यजमानांकडे असते. दात खरोखरच दोऱ्याने गेला, आणि दात जाणं हे तर त्या दोऱ्याच्या पराक्रमातलं सगळ्यात किरकोळ प्रकरण.

उभं आयुष्य काकूंनी शिवणाच्या मशिनपुढे काढलं. घराची रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचं दुकान. भिंतीला कापण्याचं टेबल, खिडकीशी मशिन, आणि दाराच्या मागे खुंटीवर मासे धरायचा रॉड. आठवडाभर सुई आणि सुट्टीच्या दिवशी गळ, असा त्यांचा नेम. वडिलांनी लहानपणी तलावावर नेऊन बास धरायला शिकवलं होतं. बास म्हणजे मोठ्या तोंडाचा, खोडसाळ मासा. तो आमिष गिळत नाही, आधी तोंडात घेऊन बघतो आणि नाही पटलं तर थुंकून देतो. तो बघत असतानाच झटका द्यायचा, एवढीच त्यातली विद्या. ती काकूंच्या बोटांत होती. एका टिचकीवरून त्या सांगत, हा मासा, हा दगड, हे शेवाळ.

मग आजारपण आलं. औषधांनी आजार हटवला, पण जाताना हातांची जाणीवही नेली. मनगटापासून पुढे दोन्ही पंजे बधिर. गरम कप, थंड पाणी, सुईचं टोक, सगळं सारखंच. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की असं होऊ शकतं, आणि गेलेली जाणीव परत येईल याची खात्री देता येत नाही. काकूंनी महिनाभर प्रयत्न केला आणि एक दिवस मशिनवर चादर घातली. कुणापुढे रडल्या नाहीत. चादर मात्र इतकी ताणून खोचली की यजमान नंतर म्हणाले, त्या चादरीकडे बघून मलाच दम लागायचा.

यजमान म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. गल्ली त्यांना अजून ड्रायव्हरसाहेबच म्हणते. माणूस भला, जाडजूड हातांचा, आणि बायकोपुढे कायम पहिल्या गिअरमध्ये.

मशिन गेलं, निदान गळ राहील, असं काकूंना वाटलं होतं. पण तलावावर बसून त्या नुसत्या पाण्याकडे बघत. बास येत, आमिष चाखत, थुंकत आणि निघून जात, काकूंना पत्ताच नाही. दोरीवर नजर ठेवून पाहिलं, पण दोरी हलायला लागेपर्यंत मासा कधीच पसार झालेला असे. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "अगं, मी धरतो रॉड, तू शेजारी बसून सांग." काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने थर्मासचं झाकण उघडू लागले.

दुसऱ्याच दिवशी काकू गळाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराला सगळं सांगितलं, दयामाया नको, उपाय सांग, असंही सांगितलं. दुकानदार विचारी निघाला. त्याने एका रॉडला साधा तंगूस लावला, तीच ती नायलॉनची पारदर्शक दोरी. रॉड काकूंच्या हातात दिला, डोळे मिटायला लावले आणि दोरीचं टोक घेऊन दुकानाच्या पार मागच्या टोकाला गेला. तिथून टिचकी मारली. काकूंना काही कळलं नाही. मग त्याने दुसरी दोरी लावली. वेणीसारखी घट्ट विणलेली, शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. रॉडची मूठ त्याने काकूंच्या कोपरापर्यंत टेकवून दिली आणि पुन्हा मागे गेला.

"आता मारलीस," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

दुकानदाराने समजावलं की तंगूस ताणला जातो, टिचकी वाटेतच खाऊन टाकतो. ही विणलेली दोरी ताणच खात नाही, तिकडे हललं की इकडे हललं. काकूंना ते समजावायची गरज नव्हती. हाताचं कोपर जिवंत होतं, आणि दोरी कोपरापर्यंत निरोप आणत होती. त्यांनी तिथेच रीळ भरून घेतलं. घरी येऊन गाठ मारली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने उरलेला दोरा दाताने तोडायला गेल्या. दोरा तुटला नाही.

दाताचं एक वेळ ठीक. खरी गोष्ट पुढे घडली. पहिल्याच खेपेला काकूंचं आमिष पाण्यातल्या बुडालेल्या झाडाला अडकलं. शिंप्याचा हात अशा वेळी काय करतो? दोरा बोटाला गुंडाळतो आणि हिसका देतो. काकूंनीही तेच केलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अंगाचा भार टाकून. तंगूस असता तर तुटला असता. हा दोरा तुटायचा सोडून बोटात शिरला. आणि बोटाला पत्ता नाही. काकू आपल्या चौथा हिसका द्यायच्या तयारीत, तेवढ्यात ड्रायव्हरसाहेबांना काकूंच्या पांढऱ्या बाहीवर लाल ओघळ दिसला.

बोटाला टाके पडले. काकूंनी ते टाके उलटसुलट करून पाहिले आणि जरा जवळ जवळ घालायला हवे होते, असं मत दिलं. पण लेक आली तेव्हा घरातला विनोद संपला. लेक गावातल्याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. आईच्या आजारपणात तिने रजा काढून काढून वर्ष ढकललं होतं. तिने बोट पाहिलं, स्टुलावर चढली आणि रॉड माळ्यावर टाकला.

"मला तुझी भीती वाटते, आई," ती खाली उतरून म्हणाली. "तुला दुखत नाही ना, त्याचीच. तुला वाचवलं आम्ही, आता तूच स्वतःला तुकड्या-तुकड्याने कापून घेणार का?"

काकू नाकावर माशी बसू न देणाऱ्या. एरवी त्यांनी लेकीला दोन शब्द सुनावले असते. पण त्या दिवशी खाली बसल्या, आणि ज्या आवाजात बोलल्या तो घरात कुणी फारसा ऐकलेला नव्हता. "मशिन गेलं, मी चादर घातली. बटण लावता येत नाही, तुझे बाबा लावतात. विळीला हात लावू देत नाही तुम्ही, मी लावत नाही. सगळं गेलं ते माझ्या हातातून गेलं. हे एक मी आपणहून सोडणार नाही. तुम्हाला काढून घ्यायचं असेल तर घ्या, पण मी दिलं असं म्हणू नका."

शेवटी लेकीने अट घातली. बोटांना काहीतरी संरक्षण हवं. पुढच्या वेळी ती स्वतः तलावावर येणार. आणि आईच्या हातावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी रॉड कायमचा माळ्यावर, तक्रार चालणार नाही. काकूंनी अट मान्य केली. शब्द दिला की तो मोडायचा नाही, हे त्या घरात लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि शिकवणाऱ्या काकूच होत्या.

बाजारातले हातमोजे जाड होते, त्यातून रीळच फिरवता येईना. मग काकूंनी आपली जुनी चामड्याची पर्स काढली. तिच्या चामड्यातून बोटांना बसतील अशा टोप्या शिवायच्या. पण शिवणार कोण? सुई बोटांत आहे की जमिनीवर पडली, हेही काकूंना बघितल्याशिवाय कळत नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरसाहेबांकडे पाहिलं. ड्रायव्हरसाहेबांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का म्हणून.

ज्या माणसाने जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता, त्याला काकूंनी मशिनजवळच्या स्टुलावर बसवलं. मशिनवरची चादर काढली, कारण उजेड तिथेच चांगला. मग सुरू झालं शिक्षण. धावदोरा नको, उलटी टीप घाला. गाठ आतून. अहो, ओढताय काय, बसचा ब्रेक आहे का तो? आठवडाभर खिडकीतून येणारा काकूंचा आवाज ऐकून गल्लीला वाटलं, शिवणकाम पुन्हा सुरू झालं की काय. ड्रायव्हरसाहेबांची बोटं टोचून टोचून चाळणी झाली. ते म्हणाले, बधिर तू आणि टोच मला, हा कुठला न्याय? काकू म्हणाल्या, उसवा आणि पुन्हा घाला. एकदा दोऱ्याचा मोठा गुंता झाला आणि साहेब तो दात-ओठ खाऊन ओढू लागले. काकूंनी त्यांच्या हातावर चापटी मारली. "गुंता ओढून सुटत नाही. सैल सोडा. त्याची वाट तो दाखवतो."

दोन टोप्या तयार झाल्या, तर्जनीची आणि मधल्या बोटाची. दिसायला बटाट्याच्या सालीसारख्या, टाके वाकडे, पण ओढून पाहिलं तर घट्ट. काकूंनी त्या उजेडात धरून पाहिल्या. चांगल्या म्हणाल्या नाहीत, पण पुन्हा उसवायलाही सांगितलं नाही. ड्रायव्हरसाहेबांना एवढं पुष्कळ झालं.

ठरलेल्या दिवशी सकाळी तिघं तलावावर गेली. लेकीने घडीची खुर्ची आईच्या बरोबर समोर नाही, शेजारीही नाही, हात दिसतील अशी तिरकी मांडली आणि प्रथमोपचाराची पेटी मांडीवर घेतली. परीक्षेला बसवावं तसं काकूंना बसवलं होतं. काकूंनी टोप्या चढवल्या, मूठ कोपराला टेकवली आणि आमिष नेमकं त्या बुडालेल्या झाडाच्या कडेला टाकलं. "तिथेच का?" लेकीने विचारलं. बास तिथेच असतात म्हणून, असं उत्तर मिळालं.

ऊन चढलं. चहा संपला. लेकीने दोनदा घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाहू नये म्हणून ड्रायव्हरसाहेबांनी तिला डोळ्यांनी दटावलं. काकूंनी मान वर केली नाही. आणि मग कोपराला टिचकी बसली.

काकूंनी झटका दिला. पाणी फुटलं, बास अख्खा बाहेर उडाला, मोठं तोंड उघडून डोकं झटकत पुन्हा पडला आणि सरळ झाडात घुसला. रीळ थांबलं. दोरी तारेसारखी ताठ झाली. मासा आत, फांद्यांत, आणि काकूंचा उजवा हात सवयीने रिळावरून सुटून दोरीकडे निघाला. दोरा अडकला की बोटाला गुंडाळायचा. चाळीस वर्षांचा हात, त्याला दुसरं येत नव्हतं. लेक खुर्चीवरून उठली. ड्रायव्हरसाहेबांनी तिचं मनगट धरलं.

काकूंचा हात दोरीपाशी थांबला. मग मागे आला. त्यांनी रॉडचं टोक खाली केलं आणि दोरी सैल सोडली.

सैल दोरी काहीच सांगत नाही. कोपर पंज्याइतकंच मुकं झालं. मासा आहे की गेला, काकूंना कळायला मार्ग नव्हता. त्या नुसत्या बसून राहिल्या, ओठ मिटून, पाण्यावर पडलेल्या दोरीच्या ढिल्या वळणाकडे बघत. ओढणारं कुणी उरलं नाही असं माशाला वाटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्यांनी दिला, आणि तो फार वाटला. मग ते वळण हळूच सरळ व्हायला लागलं, झाडापासून उलट्या बाजूला. कोपराला धक्का कळला. काकूंनी रीळ फिरवलं, थांबल्या नाहीत, कुणाला हात लावू दिला नाही, आणि काठाशी आलेल्या बासच्या तोंडात अंगठा घालून, खालचा जबडा धरून, त्याला उचललं. बास असाच उचलतात. त्यांच्या वडिलांनी तसाच उचलायला शिकवलं होतं.

"बघा," त्या म्हणाल्या.

गळ माशाच्या ओठाच्या कडेला स्वच्छ लागला होता. ड्रायव्हरसाहेबांनी तो काढला, कुठे रक्त नाही, ओरखडा नाही. काकूंनी मासा पाण्यात धरून ठेवला आणि त्याने शेपटी मारल्यावर सोडून दिला. मग लेक पुढे आली आणि हात पुढे कर म्हणाली.

काकूंनी टोप्या काढून दोन्ही पंजे पालथे-उताणे करून दाखवले. तर्जनी कोरडी. मधलं बोट कोरडं. लेक एकेक बोट बघत अंगठ्यापर्यंत आली. बासच्या जबड्यावर कानशीसारखे बारीक दात असतात, आणि अंगठ्याला टोपी नव्हती, तिचा विचार कुणी केलाच नव्हता. कातडी सोलली होती. मधोमध लाल थेंब होता.

ड्रायव्हरसाहेबांनी पाहिला. काकूंनीही पाहिला. काकूंनी हात मागे घेतला नाही. अट त्यांनी मान्य केलेली होती.

लेकीने पेटीतून कापूस काढला आणि अंगठा पुसला. थेंब पुन्हा वर आला. तिने त्यावर कापूस दाबून धरला, चांगला घट्ट, आणि मान खाली घालून म्हणाली, "माशाचं आहे."

काठावर आलेली लाट परत गेली. लेकीने अंगठ्याला पट्टी गुंडाळली, माशाच्या रक्तासाठी एवढी पट्टी कशाला, हे कुणी विचारलं नाही. मग पेटीचं झाकण लावता लावता ती बापाला म्हणाली, "बाबा, अंगठ्याचीही एक टोपी शिवा."

"शिवतो," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

काकूंनी डोळे पुसले, पट्टीच्याच हाताने, आणि रॉड उचलला. "आणि टाके जरा जवळ जवळ घाला," त्या म्हणाल्या, आणि आमिष पुन्हा झाडाच्या कडेला टाकलं.